तुमच्या वस्तीचं मतदान

खडकदरा, ता. जिंतूर
६ एप्रिल १९९२, सोमवार

दोस्त भुजंगा,

जय भीम. माझ्याकडून राम रामबी घे, दोन्हीतलं एक तरी खर्चाला व्हईल. हिकडं माय बरी, म्हैस बरी, मी हाय तसाच. तिकडं औरंगाबादेत तुपली वकिलीची परीक्षा कुठवर आली?

तुझं पत्र भेटलं. आसलं टायपावानी अक्षर काडलंस की पोस्टमन म्हनला, "आश्रुबा, समन्स आलाय तुला." माझं पानी पानी झालं. उघडलं तर तू. पर आतबी समन्सच व्हता की लेका. 'सदरहू दिवशी तू काय पाहिलेस ते सविस्तर कळव.' सातवीत दोनदा बसलेल्या मानसाला सदरहू लिवतूस? मला आदी वाटलं कुनाचा सदरा हारवलाय.

पैली गावची खबर घे. परवा चावडीमागून मी तलाठ्याच्या आवाजात हाक मारली, "दत्तराव, सातबारा घेऊन या, साहेब आलेत!" गावचा कारभार हाकनाऱ्या आबासाहेबाचा पुतन्या, आता जिल्हा परिषदेचा मेंबर झालेला गडी, अर्ध्या गालावर साबन तसाच ठिवून पळत आला. समदी चावडी हासली. आबासाहेबबी हासले. हासून म्हनले, "आश्रुबा, तुझी जबान लय गोड हाय रे. संबाळ. गोडाला मुंग्या लागत्यात."

मीबी हासलो. तव्हा हासायचंच आसतंय.

आता तू इच्यारलेलं. इलेक्शनच्या तक्रारीसाठी तुमच्या समितीला लागतंय म्हनून लिवतो, पर माझं नाव कुठं घालू नको. इलेक्शनच्या दिशी उजाडता उजाडता भोंग्याची जीप तुपल्या वस्तीवर आली. चारी बाजूनं पडदे. आतून आवाज आला, मी सटवाजी बोलायलोय, औंदा साळंत मतदान न्हाई, नावं चारठान्याच्या यादीत गेलीत, ऊन व्हायच्या आत निगा. तुपल्या बापाचा, तात्यांचाच आवाज. आजवर दर इलेक्शनला तात्याच समद्यांना उठवतात, आंघोळी करायला लावतात, धुतलेलं नेसवतात आन् रांगंत पैले नेऊन हुबे करतात. वस्तीत त्यांचा आवाज म्हंजी कायदा. एकशे बारा मानसं चालत निगाली. चार कोस. तितं कुनाचंच नाव न्हाई. माघारी आली तव्हा चार वाजले व्हते, आन् साळंतला साहेब म्हनला, तुमची मतं पडलीत. दत्तराव नव्वद मतानं निवडून आला. हिशेब तुला सांगायला नको.

तात्या म्हनतात मी जीपीत नव्हतोच. आदल्या दिशी आबासाहेबाचा निरोप आला, जिंतूरला तहसिलात मीटिंग हाय, वस्तीच्या मुख्य मानसानं यावं. आबासाहेबाच्याच जीपीतून गेले. मीटिंग कसली न् काय कसलं. ष्ट्यांडवर मुक्काम पडला, सकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरून चालत आले तव्हा वस्ती रिकामी. पर लोकांनी त्यांना त्या जीपीत चडताना बगितलेलं, आन् दुसऱ्या दिशी त्याच जीपीतून ऐकलेलं. लोकं काय म्हननार? सटवाजी इकला गेला म्हनतात.

मी काय पायलं म्हनशील तर मी शेतात व्हतो. लांबून भोंगा ऐकू आला तेवडाच. खरं इच्यारशील तर तात्याचं आता वय झालंय भुजंगा. बोलून गेले आसतील, इसरले आसतील. म्हाताऱ्या मानसाचं व्हतंय तसं.

तू लिवलेलं समितीनं फुडं धाडलं वाटतं. नारवे देशाची एक बाई गुरवारी यायलीय म्हनं. मानसाला त्याचं मत त्याला टाकू देतात का न्हाई, हे बगत ती देशोदेशी हिंडती. चावडीवर आदीच कालवा. एक जन म्हनला, "तिच्या देशात इलेक्शन न्हाई का, हितं कामून?" आबासाहेब म्हनले, "घरातलं भांडन शेजारनीला दावायचं नसतंय."

तात्या बरे हायत. जेवतात. तुपली माय, धुरपतामावशी, आताशा हापशावर जरा उशिरा जाती, समद्या बाया येऊन गेल्यावर. बाकी काय न्हाई.

जयंतीला यायची तसदी घेऊ नको. परीक्षा मोठी. हितं मी हाय की.

तुझा दोस्त,
आश्रुबा


खडकदरा
१० एप्रिल १९९२, शुक्रवार

भुजंगा,

जय भीम. खुशाली इच्यारत न्हाई, मपलीबी सांगत न्हाई. काल ती बाई येऊन गेली, त्याचं लिवतो.

देवगाव फाट्यापतोर ष्टीनं आली आन् तितून समितीच्या जीपीनं. संगं एक रंगनाथराव म्हनून पुन्याचा मानूस, तिचं आमाला सांगायला न् आमचं तिला. बाईचं नाव मारित. वस्तीनं धा मिनिटात तिची मारुतीबाई केली. उनानं तिचं त्वांड टमाट्यावानी झालेलं, पर खुर्ची आनली तर बसंना, बुद्धाच्या इहारात सतरंजीवर मांडी घालून बसली. मांडी जमंना, एक पाय सारखा भाईर यायचा. पोरं खिदळायली. जिंतूरचा एक पोलीस दाराशी हुबा, पास्पोर्ट बगून झाला तरी जाईना.

मी तितं कामून व्हतो? आबासाहेबानं धाडलं. "जा, ऐक, कोन काय बोलतंय सांग मला," म्हनले. मी दाराच्या चौकटीला टेकून हुबा राहिलो.

बाई एकेकाला इच्यारायची आन् टेप चालू ठिवायची. तिनं पैलंच सांगितलं, रंगनाथरावाच्या त्वांडून, की "मी न्यायाधीश नाही. मी कुणाला शिक्षा करू शकत नाही. तुम्ही जे सांगाल ते नीट लिहून घेईन. ते आमच्या देशात जाईल, कलेक्टरकडे जाईल, तुमच्या समितीकडे राहील." एक जन मागून म्हनला, "निस्तं लिवायलाच इतक्या लांबून?" पर बसले समदे. सकाळपासून दुपारपतोर कोनी उठलं न्हाई. भुजंगा, मी त्या वस्तीतल्या मानसांना इतका वेळ कोनी ऐकून घेतल्यालं आजवर बगितलं नव्हतं.

मग तात्याला बोलावलं. तात्या आत आले न्हाईत, उंबऱ्याशीच बसले. माझ्या पायापासून हातभरावर. बाईनं इच्यारलं, "त्या सकाळचा आवाज तुमचा होता का?"

तात्या म्हनले, "आवाज माझाच व्हता. पर मी नव्हतो."

समदे उसळले. "मंग काय भूत व्हतं का तुपलं?" "जीपीत चडलास ते खोटं का?" "सांग ना रं, काय दिलं आबासाहेबानं?" तात्या खालीच बगायलेले. ज्या मानसाच्या एका हाकंवर वस्ती हुबी राहायची, त्याला एकानंबी आहो-जाहो केलं न्हाई. धुरपतामावशी भिंतीकडं त्वांड करून बसलेली.

तव्हा बायनाआजी उठली. ऐंशीची म्हातारी, चारठान्याहून आल्यापसून तिच्या पायाला आजून सूज हाय. ती म्हनली, "बाई, मला एक बोलू द्या. मी त्या दिसापसून मनात घोळवायले. त्या भोंग्यात सटवाजी म्हनला, 'तुमच्या वस्तीचं मतदान चारठान्याला हाय.' तुमच्या! सटवाजीनं जन्मात आमाला 'तुमच्या वस्तीचं' म्हनलं न्हाई. तो 'आपल्या वस्तीचं' म्हनतोय. त्याचीबी वस्ती तीच हाय की. आवाज त्याचा आसंल, बोलनं त्याचं न्हाई."

भुजंगा, मी चौकट सोडून एक पाऊल मागं सरलो.

आन् मग काय झालं बग. रंगनाथराव बाईला विंग्रजीत सांगाया लागले. मला विंग्रजी येत न्हाई, पर 'युवर' येतंय. त्यांनी दोन्ही डाव युवरच म्हनलं. बाई गोंधळली, मग काय फरक पडला म्हनून इच्यारलं आसंल, तर रंगनाथराव बायनाआजीकडं वळून लय मायेनं म्हनले, "आजी, 'आपल्या' काय आणि 'तुमच्या' काय, अर्थ एकच. 'आपण बसा' म्हणतो ना, तसं. 'आपल्या' म्हणजे जरा आदरानं 'तुमच्या'."

बायनाआजी त्यांच्याकडं बगतच राहिली. "आदरानं?" म्हनली. "आमाला आदरानं आपन कोन म्हनलंय रं बाबा?"

हासले समदे. हासन्यातच ते वाहून गेलं. पुन्याच्या मराठीत आपन म्हंजी तुमी, वस्तीच्या मराठीत आपन म्हंजी मी आन् तुमी मिळून. बाईच्या कागदात ते आलंच न्हाई. टेपात आसंल, पर टेप ऐकून लिवनारे पुन्हा तेच रंगनाथराव.

शेवटी त्यांनी वाचून दावलं. 'वस्तीच्याच प्रमुखाने ध्वनिक्षेपकावरून चुकीची माहिती दिली, असे बहुतेक सर्व साक्षीदार सांगतात.' सोमवारी तेरा तारखेला बाई पुन्हा यायलीय, समद्यांच्या सह्या-आंगठे घ्यायला. मग कागद बंद. आन् काल सांजंलाच वस्तीनं बैठक घेऊन ठरवलं की औंदा जयंतीचा निळा झेंडा तात्यांनी लावायचा न्हाई. ज्यांनी आजपतोर लावला त्यांनीच न्हाई. सोमवारी सह्या झाल्या की तात्या मरस्तोर इकलेला मानूस. कागदावर. दोन देशात. आन् तुपली केसबी गेली, कारन आपल्याच मानसानं सांगितलं म्हनल्यावर तक्रार कुनावर करशील?

मी आबासाहेबाला जाऊन समदं सांगितलं. बायनाआजीचं सोडून. ते म्हनले, "शाबास. आता सोमवारपतोर जिबंला कुलूप."

भुजंगा, मी शेतात नव्हतो.

जीपीत व्हतो. पडद्यामागं, मांडीवर भोंग्याचा डबा घेऊन. तू न् मी तुपल्या परसात बसून तात्याचा आवाज काडायचो, तू हासून लोळायचास, आन् एकडाव तात्यांनीच कान पिळून म्हनलं व्हतं, "नीट काड, खोकला चुकला." आता मी खोकल्यासगट काडला. पर बोलता बोलता 'तुमच्या' निसटलं. खोकला शिकता येतोय, ते न्हाई आलं. कारन वस्ती मपली नव्हती.

साळंत शिपाई म्हनून लावतो म्हनले व्हते आबासाहेब. मला गंमत वाटली. वाटलं कोसभर जातील, कोन तरी भेटंल, शिव्या देत माघारी येतील, आन् मग मी सांगीन की मी व्हतो, न् समदे हासतील.

मागच्या पत्रात तात्याचं वय झालं म्हनलो व्हतो. ते वाक्य तू फाडून टाक. बाकीचं पत्र ऱ्हाऊ दे, मी किती खोटं बोलतो ते कळायला.

सोमवारी काय करू ते कळंना. बोललो तर आमच्या वाफ्याला पानी आबासाहेबाच्या हिरीचं हाय. न बोललो तर तू बग आता कोन हाय मी ते.

आश्रुबा


खडकदरा
१३ एप्रिल १९९२, सोमवार

भुजंगा,

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. पोस्टमन आता आबासाहेबाकडं बसतोय. रंगनाथरावाच्या हाती देतो, ते आज औरंगाबादला माघारी चाललेत. जीप आजून वस्तीवर हाय, तवर लिवतो. अक्षर बिगडंल.

सकाळी मायला सांगितलं. भाकरी थापायली व्हती. थापता थापता थांबली. म्हनली, "त्या धुरपतीच्या मानसाला?" मी म्हनलो, "हाव." मग म्हनली, "जीब हाय का चाबूक रं तुपली?" आन् तव्यावरली भाकरी जळस्तोर तशीच बसली. जाऊ नको म्हनली न्हाई. जा बी म्हनली न्हाई.

इहारात गेलो तव्हा आंगठे चालू झालेले. निळ्या शाईचा डबा मदे, समदे एका वळीत. दाराशी दत्तराव हुबा, आज त्याच्या दोन्ही गालावर साबन नव्हता. तो पोलीसबी व्हता. तात्या उंबऱ्याशीच, गुरवारच्याच जागी. मी आत गेलो आन् रंगनाथरावाला म्हनलो, "साहेब, टेप लावा. बाईला म्हनाव, एक बयान राहिलंय."

दत्तराव म्हनला, "आशऱ्या, भाईर ये. काकांनी बोलावलंय."

मी म्हनलो, "येतो. पैलं हे आटपतो."

"आता ये म्हनलं ना!"

त्यो आत पाय टाकायला लागला तशी बायनाआजी उंबऱ्यात आडवी बसली, दुखरे पाय लांबवून. म्हनली, "वलांडून जा मला, मेंबर." पोलिसानं दुसरीकडं बगितलं. दत्तराव न्हाई वलांडू शकला. बाई समोर टेपचं बटन दाबून बसली व्हती, तिनं एकडाव त्याच्याकडं बगितलं, बस. भुजंगा, ती बाई कुनाचं काय वाकडं करू शकत न्हाई, हे तिनंच सांगितलं व्हतं. पर कोनी लिवून घ्यायला समोर बसलं ना, की वाकडं करनाऱ्याचा पाय जड व्हतोय. ते मी डोळ्यानं बगितलं.

म्हनलो, त्या दिशी भोंग्यात मी बोललो.

कुनीच ऐकलं न्हाई. म्हंजी ऐकलं, पर हासले. एक जन म्हनला, "आला बघा नकलाकार. जा रं, म्हैस पिळ." मला समदं गाव तसंच वळकतंय. मी खरं सांगायलोय हे पटवायला माझ्यापाशी एकच रस्ता व्हता आन् तो मला घ्यायचा नव्हता.

तात्याकडं बगायला जमंना म्हनून मी भिंतीकडं त्वांड केलं. घसा साफ केला. आन् बोललो. तात्याच्या आवाजात. "मंडळी, मी सटवाजी बोलायलोय. तुमच्या वस्तीचं मतदान औंदा साळंत न्हाई, चारठान्याला हाय." खोकलो. "ऊन व्हायच्या आत निगा."

वळलो तर समदी मानसं माझ्याकडं बगत नव्हती. तात्याच्या ओठाकडं बगायलेली. ओठ मिटलेले व्हते.

धुरपतामावशी पैली उठली. मला वाटलं आता मारती, मी गाल फुडं केला. मारलं न्हाई तिनं. मला खांद्याला धरून वस्तीकडं फिरवलं आन् म्हनली, "आजून एकडाव बोल. समद्यांना नीट ऐकू दे. मला हापशावर ज्या ज्या बोलल्या, त्यांनाबी ऐकू दे."

तात्या म्हनले, "बास."

ते लय दिवसांनी मोठ्यानं काय तरी बोलले आसतील, कारन त्यांचा त्यांनाच ठसका लागला.

बाईनं रंगनाथरावाच्या त्वांडून इच्यारलं, "हे कुणाच्या सांगण्यावरून केलंस?" दत्तराव दारात हुबा. मी आबासाहेबाचं पुरं नाव, बापासगट, घेतलं. तिनं इच्यारलं, "यामुळे तुला धोका आहे का?" मी म्हनलो, "बाई, धोका व्हताच. फकस्त कालपतोर दुसऱ्याला व्हता." रंगनाथरावांनी हे सांगितलं तशी ती हासली न्हाई. लिवून घेतलं. मग रंगनाथराव आपनहून बायनाआजीफुडं बसले, म्हनले, "आजी, त्या दिवशीचं तुमचं 'आपल्या' मला कळलं नव्हतं. पुन्हा सांगा. मी नीट लिहितो." आजी म्हनली, "आता लिवून काय, पोरगं बोललंय की." तरी सांगितलं तिनं. सावकास, एकेक अक्षर.

पैले लिवलेले कागद बाईनं समद्यांच्या समोर फाडले. नवे करायलेत. वस्तीतली चार मानसं तात्याकडं गेली, एकानं पाया पडायला हात घातला, तात्यांनी पाय आखडून घेतले. दुसरा म्हनला, "उद्याचा झेंडा तुमीच लावा." तात्या म्हनले, "लावीन. लावायला हरकत न्हाई."

आन् मग माझ्याकडं बगितलं. शिवी दिली आसती तर लय बरं झालं आसतं. म्हनले, "आश्रुबा, उद्या जयंतीला मी बोलाया हुबा राहीन. लोकं ऐकतील. पर हरेक जन आदी माझ्या ओठाकडं बगंल. हे तू केलंस. हे तुला आता माघारी घेता येनार न्हाई."

मी हाव म्हनलो. दुसरं काय म्हननार.

आबासाहेबाचा गडी आताच येऊन आमच्या पान्याच्या दांडाचं त्वांड दगडमातीनं बुजवून गेला. भुईमूग दोन पान्यावर आलेला. माय बगत हुबी राहिली, मग आत जाऊन कळशी घेऊन हापशावर निगाली. वस्तीच्या हापशावर, गावच्या न्हाई. घेऊ देतील का न्हाई म्हाईत न्हाई.

आता शेवटचं. रंगनाथराव जीपीतून हात करायलेत, तरी हे लिवल्याबिगर पाकीट चिकटवत न्हाई.

टेपात एक खोटं राहिलंय. त्यांनी मला इच्यारलं, "यांची मतं जातील, याची तुला कल्पना होती का?" मी म्हनलो, "न्हाई साहेब, मला गंमत वाटली." त्यांनी कागदावर लिवलं, 'अजाणतेपणी'. बाईनं माझ्याकडं बगून मान हालवली, कीव आल्यावानी. तुलाबी मागच्या पत्रात मी तेच लिवलं.

भुजंगा, आबासाहेब मला म्हनले व्हते, शेजारच्या वाडीचं नाव सांग, दीड कोस हाय. मीच म्हनलो, "दीड कोसाला काय, नवाला माघारी येऊन रांगंत लागतील. चारठाना सांगा. दिवस जाईल." लय खूष झाले. म्हनले, डोस्कं हाय पोराला. तव्हा मला समदं म्हाईत व्हतं. किती मतं, किती कोस, कवा जातील, कवा येतील. बायनाआजीला चालवत न्हाई हेबी म्हाईत व्हतं.

हे आबासाहेब कुनाला सांगनार न्हाईत. मी न्हाई लिवलं तर कुनालाच कदी कळनार न्हाई, आन् मी जन्मभर अजाणता गडी म्हनून फिरंन. तुपल्या केसला कसला गडी लागतोय ते तू ठरव. वकील तू हायस. हा कागद कोर्टात दाव, तात्याला दाव, न्हाई तर आपल्यापाशी ठीव. माझी हरकत न्हाई. 'माफ कर' लिवलं व्हतं, वर खोडलेलं दिसंल, वाचू नको.

जानूनबुजून,
आश्रुबा किसन वाघमोडे
वय बावीस, राहनार खडकदरा